पाहुणा वक्ता निघून गेल्यानंतर

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शाळा, महाविद्यालये, कार्यालये, रुग्णालये अशा नाना ठिकाणी विविधता, समन्याय (ज्याला जशी गरज तशी व्यवस्था) आणि समावेशन (सर्वांना सामावून घेणे) या विषयांवर बाहेरच्या वक्त्यांना बोलावण्याची पद्धत आता चांगलीच रूढ झाली आहे. या व्याख्यानांची वृत्ते आपल्या दैनिकातही येतात. त्यांत बहुधा दोनच गोष्टी सांगितलेल्या असतात : वक्त्याच्या आयुष्यातला एखादा खडतर प्रसंग, आणि तो ऐकून श्रोते भारावून गेल्याची नोंद. मी एका संस्थेत सतरा वर्षे प्रशिक्षणाचे काम पाहिले. वक्ते ठरवणे, त्यांना पत्रे लिहिणे, सभागृह मिळवणे, प्रास्ताविक आणि आभारप्रदर्शन करणे ही सारी कामे माझ्याकडे असत. श्रोत्यांचे डोळे पाणावले की कार्यक्रम साधला, असे मी त्यांतली बरीच वर्षे मनापासून मानत होते. हा समज चुकीचा होता हे मला एका व्याख्यानानंतर कळले. तो अनुभव आणि त्यातून सुचलेले काही विचार वाचकांपुढे ठेवावेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आम्ही एका कर्णबधिर अभियंता बाईंना बोलावले होते. त्या सांकेतिक भाषेत बोलणार होत्या आणि त्यांच्यासमोर बसलेल्या दुभाषी त्यांचे म्हणणे आवाजातून आमच्यापर्यंत पोहोचवणार होत्या. व्याख्यान सुरू होऊन दहा मिनिटे झाली असतील, तोच पडद्यावरची चित्रे नीट दिसावीत म्हणून कुणीतरी सवयीने सभागृहातले दिवे मालवले. अंधारात बाईंचे हात दुभाषींना दिसेनात, त्यामुळे दुभाषींचा आवाज थांबला. सभागृहाला वाटले की ध्वनिक्षेपक बिघडला. मागून ‘आवाज येत नाही’ अशी हाक आली, एक जण वायर तपासायला उठला, आणि जवळजवळ मिनिटभर आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आले नाही की आवाज बंद पडण्याचे कारण दिव्याच्या बटणात आहे. दिवे लागल्यावर बाईंनी तयार करून आणलेले भाषण बाजूला ठेवले. आत्ता एक मिनिट जे तुमचे झाले ते माझे प्रत्येक बैठकीत होते, एवढेच त्या म्हणाल्या, आणि मग बैठकीत आपल्याला काय लागते ते त्यांनी सांगितले. विषयपत्रिका आणि कागद आदल्या दिवशी हाती यावेत, एका वेळी एकानेच बोलावे, आणि बोलणाऱ्याने पाठीमागे खिडकी ठेवून उभे राहू नये, कारण उजेडाविरुद्ध चेहरा काळवंडतो आणि ओठ वाचता येत नाहीत. यांतल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही.

प्रश्नोत्तरांत सात प्रश्न आले. त्यांतले सहा त्यांच्या खासगी आयुष्याविषयी होते : हे जन्मापासूनचे आहे का, घरचे कसे बोलतात, सकाळी जाग कशी येते, लग्न झाले आहे का. बैठकांविषयी एकानेच विचारले. सूत्रसंचालक म्हणून मला त्या सहा प्रश्नांचे तेव्हा समाधान वाटले होते. श्रोते मोकळे झाले, असे मी अहवालात लिहिलेही. पंधरवड्याने त्याच सभागृहात आमची विभागीय बैठक झाली. दिवे मालवले गेले, चार जण एकाच वेळी बोलले, अध्यक्ष खिडकीला पाठ करून उभे होते, आणि मीही काही बोलले नाही. बैठक संपल्यावर आमच्याच विभागातले एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांना एका कानाने अजिबात ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने फार कमी, हे अकरा वर्षे शेजारी काम करूनही मला ठाऊक नव्हते. ते म्हणाले, “त्या दिवशी मला वाटलं होतं की आता काहीतरी बदलेल.” त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते वाक्य मला आजही विसरता येत नाही.

समता आणि समन्याय या दोन शब्दांतला फरक मी कितीतरी कार्यशाळांत फळ्यावर लिहून समजावला होता. त्या मिनिटात तो माझ्या अंगावर आला. दिवे सर्वांसाठी सारखेच मालवले गेले होते. कुणाशीही वेगळे वागले गेले नव्हते, कुणाच्या मनात वाईट हेतू नव्हता, तरीही एका व्यक्तीचे बोलणे त्या एका कृतीने पुरते बंद झाले. प्रत्येकाला सारखेच देण्याने न्याय होतोच असे नाही. प्रत्येकाला सहभागी होता येईल अशी व्यवस्था लावावी लागते, आणि ती लावायची तर ज्यांची अडचण होते त्यांनाच आधी विचारावे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २००६ मध्ये स्वीकारलेल्या आणि मे २००८ मध्ये अमलात आलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारात वाजवी सोय नाकारणे हासुद्धा भेदभावच मानला आहे. दिवे चालू ठेवणे ही सोय किती वाजवी आहे, हे वेगळे सांगायला नको.

माझा मुख्य मुद्दा असा की आपण पाहुण्या वक्त्यांना बोलावतो ते त्यांचे दुःख ऐकायला, आणि त्यांच्याकडचे ज्ञान तसेच त्यांच्याबरोबर परत पाठवतो. एखादी व्यक्ती वर्षानुवर्षे अशा व्यवस्थेतून वाट काढत असते, जी तिला डोळ्यांसमोर ठेवून आखलेलीच नाही. त्या व्यवस्थेचे बिघाड तिच्याइतके बारकाईने दुसऱ्या कुणाला माहीत नसतात. कोणता अर्ज कुठे अडतो, भरतीच्या जाहिरातीतले कोणते वाक्य वाचून ती अर्जच करत नाही, कोणत्या विनोदावर ती हसल्यासारखे करते, ओळखपत्रावरच्या कोणत्या रकान्यात तिला बसवायला जागा नसते, हे सगळे ती सांगू शकते. हे तज्ज्ञाचे ज्ञान आहे. पण आपण तिला लहानपणापासून सुरुवात करायला सांगतो आणि वेळ संपत आला की आभार मानतो.

ऑस्ट्रेलियातील पत्रकार स्टेला यंग चाकाची खुर्ची वापरत. २०१४ साली सिडनी येथे दिलेल्या भाषणात त्यांनी आपल्या शिक्षकी दिवसांतला एक प्रसंग सांगितला होता. मेलबर्नच्या एका शाळेत अकरावीच्या वर्गाला त्या कायद्याचा विषय शिकवत होत्या. वीस मिनिटे झाल्यावर एका मुलाने हात वर करून विचारले की तुमचे भाषण कधी सुरू होणार. चाकाच्या खुर्चीतली माणसे शाळेत येतात ती प्रेरणादायी काहीतरी सांगायला, असा त्या मुलाचा अनुभव होता, आणि त्यामुळे समोर चाललेला बदनामीच्या कायद्याचा पाठ त्याला पाठ वाटलाच नव्हता. मला या प्रसंगात त्या मुलाचा दोष वाटत नाही. त्याच्या शाळेने पूर्वी ज्या पद्धतीने पाहुणे बोलावले असतील, त्या पद्धतीने त्याला हे शिकवले होते की अशी व्यक्ती समोर आली म्हणजे तिने आपल्याला हुरूप द्यायचा असतो. व्याख्यानांतून असेही काही शिकले जाते, याची जाणीव आयोजकांनी ठेवायला हवी.

यावर कुणी म्हणेल की मग अशी व्याख्याने बंदच करावीत. मला तसे मुळीच वाटत नाही. वेगळ्या पार्श्वभूमीच्या माणसाशी प्रत्यक्ष गाठ पडण्याने पूर्वग्रह कमी होतात, याला भक्कम आधार आहे. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली हा विचार मांडताना त्यासाठी अनुकूल परिस्थिती कोणती तेही सांगितले होते : दोन्ही बाजूंचा दर्जा समान असावा, उद्दिष्ट समाईक असावे, ते गाठण्यासाठी एकमेकांचे सहकार्य लागावे आणि त्या संस्थेतील अधिकाऱ्यांचा त्याला पाठिंबा असावा. पुढे २००६ मध्ये थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी तोवर झालेल्या ५१५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, आणि संपर्क जितका अधिक तितका पूर्वग्रह कमी, हेच चित्र त्यांना बहुतांश ठिकाणी दिसले. ऑलपोर्ट यांच्या सगळ्या अटी पुऱ्या झाल्या नाहीत तरी परिणाम दिसतो, मात्र त्या पुऱ्या झाल्या तर तो अधिक दिसतो, असेही त्यांनी नोंदवले. आता आपल्या नेहमीच्या व्याख्यानाला या अटी लावून पाहाव्यात. एक जण व्यासपीठावर आणि दोनशे जण खाली, दोघांनी मिळून करायचे काम काही नाही, आणि वरिष्ठ अधिकारी उद्घाटनानंतर दहा मिनिटांत निघून गेलेले. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. साहेब उठून गेले की सभागृहाला या विषयाचे महत्त्व नेमके किती ते समजते, आणि मग वक्त्याने कितीही जीव ओतला तरी ती समज बदलत नाही.

एका तासाकडून किती अपेक्षा करावी, याचेही उत्तर अभ्यासकांनी शोधले आहे. एका मोठ्या जागतिक कंपनीतील ३,०१६ कर्मचाऱ्यांवर केलेला, विविधतेविषयीच्या तासाभराच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचा प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी ज्यांचा या विषयाला फारसा पाठिंबा नव्हता त्यांची मते थोडीफार बदललेली आढळली, वागण्यात मात्र फार थोडा फरक पडला, आणि तोही मुख्यतः ज्यांचा आधीपासूनच पाठिंबा होता त्यांच्या. एलिझाबेथ पालक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वग्रह कमी करण्यासाठी २००७ ते २०१९ या काळात झालेले ४१८ प्रयोग तपासले, तेव्हा त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश प्रयोग असेच अल्पकाळाचे, थोडक्यात आटोपणारे होते आणि त्यांचा दीर्घकाळ टिकणारा परिणाम स्पष्ट झालेला नव्हता. तास संपला की आयोजकांचे काम झाले, असे धरून चालण्याला कुठलाच आधार नाही, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

तरीही थोडा वेळ नीट वापरला तर काय होऊ शकते, याचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कॅला यांनी अमेरिकेतील मायामी येथे केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्यकर्ते ५०१ मतदारांच्या दारी गेले आणि त्यांतल्या काहींशी तृतीयपंथी व्यक्तींविषयी सुमारे दहा मिनिटे बोलले, तर इतरांशी भलत्याच विषयावर. त्यांनी भाषण केले नाही. आपण इतरांहून वेगळे आहोत म्हणून कधी आपल्याविषयी कुणी वाईट मत करून घेतले होते का, हे त्यांनी समोरच्याला आठवायला लावले, त्याचे सांगणे ऐकून घेतले आणि मग त्या अनुभवाचा धागा विषयाला जोडून दिला. पूर्वग्रहातली घट किमान तीन महिने टिकली. बोलायला गेलेले सगळे कार्यकर्ते तृतीयपंथी नव्हते. जे नव्हते त्यांच्या संवादाचाही परिणाम झाला. म्हणजे ज्याच्या वाट्याला अवहेलना येते त्यानेच दर वेळी उभे राहून आपली कहाणी सांगितली पाहिजे, असे काही नाही. समजावण्याचे हे ओझे इतरांनाही उचलता येते, आणि त्यांनी ते उचलले पाहिजे.

डेन्मार्कमध्ये २००० साली रॉस्किल्ड येथील संगीत महोत्सवात ‘मानवी ग्रंथालय’ सुरू झाले, तेही मला याच वाटेवरचे वाटते. तिथे वाचक पुस्तकाऐवजी माणूस निवडतो आणि त्याच्यासमोर बसून त्याच्याशी बोलतो. व्यासपीठ नसते, दोनशे श्रोते नसतात, आणि प्रश्न विचारणाऱ्याला समोरच्याच्या डोळ्यांत पाहून तो विचारावा लागतो. आमच्या सभागृहातले ते सहा प्रश्न अशा बैठकीत कुणी विचारले असते का, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. विचारले असते तरी ते वेगळ्या शब्दांत आले असते, असे मला वाटते.

उलट, डोळ्यांवर पट्टी बांधून किंवा तासभर चाकाच्या खुर्चीत बसवून ‘अनुभव देण्याचे’ जे खेळ घेतले जातात, ते मात्र माझ्या मते थांबवावेत. मिशेल नारिओ-रेडमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की अशा खेळांनंतर सहभागींच्या मनात कळवळा वाढतो, पण त्यासोबत असहायतेची आणि गोंधळाची भावनाही वाढते, आणि अपंग व्यक्तींशी मिळूनमिसळून वागण्याविषयीची वृत्ती काही सुधारत नाही. पहिल्याच तासाला अडखळणाऱ्याला फक्त अडखळणे कळते. वर्षानुवर्षांचे कौशल्य त्याला दिसत नाही.

सक्तीविषयी माझे मत मला बदलावे लागले. हजेरी लावल्याशिवाय लोक येत नाहीत, म्हणून मी हजेरीपट फिरवत असे. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह यांनी अमेरिकेतील आठशेहून अधिक कंपन्यांची तीन दशकांची माहिती तपासून २०१६ मध्ये लिहिले, की व्यवस्थापकांना सक्तीचे प्रशिक्षण देणाऱ्या कंपन्यांत पाच वर्षांनंतरही व्यवस्थापनातील गोऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले नव्हते, आणि कृष्णवर्णीय स्त्रियांचे तर सरासरी नऊ टक्क्यांनी घटले होते. जिथे प्रशिक्षण ऐच्छिक होते, जिथे वरिष्ठांनी नव्या सहकाऱ्यांना मार्गदर्शन करण्याची जबाबदारी स्वतः घेतली, जिथे वेगवेगळ्या विभागांचे लोक एकत्र बसून प्रश्न सोडवत, तिथे चित्र बरे होते. हे वाचून मला आमचा हजेरीपट आठवला आणि मागच्या रांगेत घड्याळाकडे पाहत बसलेले चेहरेही. दारात उभे राहून आम्ही सही घेत होतो. त्यामुळे ऐकण्याआधीच काहींच्या मनात विरोध तयार होत होता.

वक्त्यांशी आपण कसे वागतो, याबद्दलही लिहिणे आवश्यक आहे. व्यवस्थापन किंवा वित्त या विषयांच्या वक्त्यांना मानधन द्यायचे हे गृहीत असते. समावेशनाच्या विषयावर बोलणाऱ्यांना मात्र ‘तुमच्या समाजासाठी एवढे कराल ना’ असे विचारले जाते. मी स्वतः असे शब्द पत्रात लिहिले आहेत, आणि आज त्याची खंत वाटते. मानधन आधी सांगावे, येण्याजाण्याची सोय आणि सभागृहाची व्यवस्था त्यांना विचारून करावी, कोणत्या विषयांवर प्रश्न घेणार नाही हे त्यांनी ठरवावे, आणि सूत्रसंचालकाने ती मर्यादा सांभाळावी. नको असलेला प्रश्न नाकारण्याचे काम पाहुण्यावर टाकू नये. कारण तो नाकारला तर ‘फार हळवे आहेत’ असे म्हटले जाते, आणि उत्तर दिले तर जखम पुन्हा उघडते. छायाचित्र घेण्यापूर्वी आणि ते कुठे छापणार हे सांगूनच परवानगी घ्यावी.

एका व्यक्तीला साऱ्या समूहाची प्रतिनिधी मानण्याची चूकही सर्रास होते. ‘तुम्हा लोकांना काय वाटते’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर कुणीच देऊ शकत नाही. शक्य असेल तिथे एकाच समूहातल्या, पण एकमेकांशी मतभेद असलेल्या दोन व्यक्तींना एकत्र बोलावावे. आम्ही एकदाच तसे केले होते. दोन वक्त्यांनी आपापसांत इतका मनमोकळा वाद घातला की श्रोत्यांना प्रथमच ती दोन स्वतंत्र माणसे दिसली, आणि त्या दिवशी खासगी आयुष्याविषयी एकही प्रश्न आला नाही.

राहिला व्याख्यानानंतरचा भाग, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. ज्याच्या हाती निर्णय आहे अशा अधिकाऱ्याने शेवटपर्यंत बसावे आणि वक्त्याने सांगितलेल्यांपैकी कोणती गोष्ट, कुणी, कोणत्या तारखेपर्यंत करायची ते त्याच आठवड्यात लेखी कळवावे, वक्त्यालाही कळवावे. जी करता येणार नाही ती का नाही, हेही लिहावे. आणि बोलायला बोलावलेल्यांपैकी कुणाला तरी पुढच्या वेळी ठरवायला बोलावावे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघेल अशी शब्दयोजना होती. ती बदलून तिथे ‘सर्व मानव’ असा अर्थ निःसंदिग्ध होईल असे शब्द आणवले ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. मेहता या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगापुढे भाषण करायला आलेल्या पाहुण्या नव्हत्या. त्या आयोगाच्या सदस्य होत्या, मसुदा त्यांच्या हातात होता आणि हरकत नोंदवण्याचा अधिकारही.

त्या अभियंता बाईंना मी पुढे पत्र लिहून त्या बैठकीत काय घडले ते कळवले आणि क्षमा मागितली. त्यांनी उलटटपाली बैठकांसाठी एका पानाची सूचनापत्रिका पाठवली. ती संमत करून घ्यायला मला सात महिने लागले. आज ती त्या सभागृहाच्या दारावर लावलेली आहे आणि तिच्यातली पहिली ओळ दिव्यांविषयी आहे. आमचे ते सहकारी त्यानंतर पुढच्या रांगेत बसू लागले आणि बैठकीत बोलूही लागले. त्यांच्या दोन सूचनांमुळे आमच्या कामातली एक जुनी चूक सापडली, जी अकरा वर्षे कुणाला दिसली नव्हती.

आपल्याकडे माझी एक विनंती आहे. अशा व्याख्यानांची वृत्ते आपण छापता, त्यासोबत वक्त्यांनी संस्थेला कोणत्या सूचना केल्या तेही छापावे. आणि तीन महिन्यांनी आपल्या वार्ताहराने त्या संस्थेत पुन्हा जाऊन, त्यांतल्या कोणत्या अमलात आल्या हे विचारून, तितक्याच जागेत ते वृत्तही द्यावे.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रशिक्षण समन्वयक